न्यायमूर्ति विल्यम हेस्टी

चरित्रकाराच्या दृष्टीनें न्यायाधीश हा मोठा गैरसोयीचा नायक होय. सेनापतीच्या मागें त्याच्या लढाया राहतात, पुढाऱ्याच्या मागें त्याचीं भाषणें आणि तुरुंगवास राहतात. न्यायाधीशाच्या मागें राहतात त्या निकालपत्रांच्या जाड पुस्तकांच्या रांगा, आणि त्या वाचतात कोण, तर वकील, तेहि पक्षकाराच्या पैशानें. आपल्याकडे न्यायमूर्ति रानडे व न्यायमूर्ति तेलंग हीं नांवें सुशिक्षितांच्या घरोघरीं माहीत आहेत. परंतु तीं प्रार्थनासमाजामुळें, मराठ्यांच्या इतिहासामुळें, गीतेच्या इंग्रजी भाषांतरामुळें. त्यांनीं हायकोर्टांत काय निकाल दिले हें क्वचितच कोणी सांगूं शकेल. अमेरिकेंतील न्यायमूर्ति विल्यम हेन्री हेस्टी यांच्या बाबतींत तर असा दुसरा आधारहि फारसा उरला नाहीं. ते त्या देशाचे पहिले कृष्णवर्णी संघराज्य-न्यायाधीश. पण त्यांचे शिष्य थरगुड मार्शल यांचें नांव जगभर झालें, आणि गुरुजी निकालपत्रांच्या रांगेंत दडून राहिले. त्यांच्या आयुष्याकडे पुन्हां वळावेंसें वाटतें तें त्यांतील एका प्रश्नामुळें. जें सरकार आपल्या लोकांचा पदोपदीं अपमान करतें, त्याची चाकरी माणसानें करावी काय? करावयाची तर कोठपर्यंत, आणि सोडावयाची तर कोणत्या दिवशीं? हेस्टींनीं ती चाकरी चार-पांच वेळां पत्करली व एकदां भर युद्धांत जाहीरपणें फेकून दिली.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजीं टेनेसी राज्यांतील नॉक्सव्हिल शहरीं झाला. वडील सरकारी पेन्शन-कचेरींत कारकून, आई लग्नापूर्वीं शिक्षिका. जन्माच्या आठ वर्षें आधीं, १८९६ सालीं, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यांत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें असा निर्णय दिला होता कीं, आगगाडींत गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे निराळे ठेवल्यानें घटनेंतील समतेचा भंग होत नाहीं. सोयी मात्र सारख्या असाव्या. ‘निराळे पण समान’ हें सूत्र मग शाळा, इस्पितळें, ट्रॅमगाड्या, बागा, स्मशानें, सर्वत्र लागू झालें. त्यांतील ‘निराळे’ हा शब्द दक्षिणेंतील राज्यें तंतोतंत पाळीत. ‘समान’ हा शब्द कोणी मोजून पाहत नसे. ट्रॅममधील नेमून दिलेल्या बाकांवर बसण्यापेक्षां पायीं किंवा सायकलीवर जावें, असें हेस्टींच्या घरचें वळण होतें.

१९१६ सालीं हें कुटुंब वॉशिंग्टनला आलें. तेथील डनबार हायस्कूल काळ्या मुलांसाठींच होतें. परंतु ज्या विद्वान् पदवीधरांना त्यांच्या वर्णामुळें इतरत्र अध्यापकाची जागा मिळत नसे ते तेथें शिकवावयास येत, आणि म्हणून त्या शाळेचें शिक्षण कोणत्याहि गोऱ्या शाळेस हार जाणारें नव्हतें. अन्यायाचीं फळें कधीं कधीं अशीं विचित्र असतात. हेस्टी तेथें पहिले आले, आणि पुढें मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट कॉलेजांतहि १९२५ सालीं पहिले आले. त्यांचा विषय गणित. त्यांच्या पुढील युक्तिवादांत अलंकार कमी आणि पायऱ्या जास्त दिसतात, त्याचें मूळ मला या गणितांत असावेंसें वाटतें. दोन वर्षें न्यू जर्सी राज्यांत एका शाळेंत मास्तरकी करून ते हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्यें गेले, १९३० सालीं कायद्याचे पदवीधर झाले व १९३३ सालीं तेथलीच कायद्याची सर्वोच्च पदवी त्यांनीं मिळविली. हार्वर्डच्या प्रसिद्ध कायदा-नियतकालिकाच्या संपादकमंडळावर निवडले गेलेले ते दुसरे कृष्णवर्णी विद्यार्थी. पहिले होते चार्ल्स ह्यूस्टन.

या ह्यूस्टनविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ते हेस्टींचे दूरच्या नात्यानें भाऊ, वयानें नऊ वर्षांनीं वडील. पहिल्या महायुद्धांत ते सैन्यांत अधिकारी होते. तेथें शत्रूपेक्षां स्वतःच्याच गोऱ्या सहकाऱ्यांकडून जो अपमान त्यांच्या वाट्यास आला, त्यानें त्यांना कायद्याकडे वळविलें. १९२९ सालीं त्यांनीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांतील लॉ स्कूलचीं सूत्रें हातीं घेतलीं. (हार्वर्ड आणि हॉवर्ड हीं नांवें वाचकानें निराळीं ठेवावीं, पहिलें मुख्यतः श्रीमंत गोऱ्यांचें, दुसरें यादवी युद्धानंतर काळ्यांच्या शिक्षणासाठीं निघालेलें.) हॉवर्डची ही कायद्याची शाळा १८६९ पासून चालत आलेली, पण तोंवर ती बहुतांशीं रात्रीची शाळा होती. दिवसभर सरकारी कचेऱ्यांतून राबणारीं माणसें संध्याकाळीं येऊन तेथें कायदा शिकत. ह्यूस्टननीं रात्रीचे वर्ग बंद केले, परीक्षा कडक केल्या, पुस्तकसंग्रह वाढविला. गरिबाच्या तोंडचा घांस काढला, अशी ओरड झाली, आणि ती अगदींच खोटी नव्हती. परंतु ह्यूस्टनना पदवीधर नको होते, लढवय्ये हवे होते. वकील हा एक तर समाजाचा अभियंता असतो, नाहीं तर समाजावरचें बांडगूळ, असें ते विद्यार्थ्यांना बजावीत. १९३१ सालीं या शाळेस देशांतील वकीलमंडळाची मान्यता मिळाली.

हेस्टी १९३० पासून तेथें शिकवूं लागले. पहिल्याच वर्षीं जे विद्यार्थी त्यांच्यापुढें येऊन बसले त्यांत थरगुड मार्शल व ऑलिव्हर हिल हे होते. या शाळेंतील एक प्रघात कायद्याच्या इतर शाळांनींहि उचलण्यासारखा आहे. सुप्रीम कोर्टापुढें जो खटला चालावयाचा, त्याची रंगीत तालीम आधीं या शाळेंत होई. अध्यापक न्यायाधीशाच्या जागीं बसत आणि वकिलास नेमके अडचणीचे प्रश्न विचारून भंडावून सोडीत. विद्यार्थी तें सर्व ऐकत. कायद्याच्या पुस्तकांत जो निर्णय संपलेला दिसतो, तो घडत असतांना किती डळमळीत असतो, हें त्यांना तेथें कळे.

हेस्टींची पहिली मोठी लढाई हरण्याचीच झाली. १९३३ सालीं टॉमस होकट नांवाच्या एका कृष्णवर्णी तरुणास नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत औषधिशास्त्र शिकावयाचें होतें, व वर्णामुळें त्यास प्रवेश नाकारला होता. हेस्टी तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे. डरहॅम येथील कोर्टांत त्यांनीं जो युक्तिवाद केला त्याची खुद्द न्यायाधीशानें वाखाणणी केली. खटला बुडाला तो निराळ्याच कारणानें. होकट ज्या कृष्णवर्णी कॉलेजांत शिकला होता तेथील प्रमुखानें त्याच्या गुणांचा दाखला देण्याचें नाकारलें, आणि दाखल्यावांचून त्याची पात्रता सिद्ध होईना. त्या प्रमुखाला दोष देणें सोपें आहे. त्याचें कॉलेज राज्याच्या अनुदानावर चालत होतें; एका विद्यार्थ्यासाठीं शेंकडोंचें शिक्षण धोक्यांत घालावें काय, हा त्याचा पेंच खरा होता. हेस्टींना पुढें असाच पेंच स्वतःस पडणार होता, आणि त्यांनीं त्याचें उत्तर वेगळें दिलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस रूझवेल्ट यांच्या सरकारांत गृहखात्याचे कायदा-अधिकारी म्हणून हेस्टी नेमले गेले. तेथें रॉबर्ट वीव्हर हे त्यांचे कृष्णवर्णी स्नेही होते. खात्याच्या उपाहारगृहांत गोरे नोकरच जेवीत. एके दिवशीं हे दोघे सरळ आंत गेले आणि जेवूं लागले. अर्ज नाहीं, ठराव नाहीं. भूक लागली होती, ते जेवले. कुरकुर झाली, पण ती रीत मोडली ती मोडलीच. याच खात्यांत असतांना व्हर्जिन बेटांसाठींच्या १९३६ च्या कायद्याचा मसुदा करण्यांत हेस्टींचा हात होता. कॅरिबियन समुद्रांतील हीं बेटें अमेरिकेनें १९१७ सालीं डेन्मार्ककडून अडीच कोटि डॉलर देऊन विकत घेतलीं होतीं. वस्ती मुख्यतः काळ्यांची. पण मालमत्तेची अट असल्यानें मताधिकार मूठभरांस होता. नव्या कायद्यानें ती अट काढून टाकली. १९३७ सालीं रूझवेल्टनीं हेस्टींस याच बेटांच्या संघीय न्यायालयावर न्यायाधीश नेमलें. डाव्या विचारांचा माणूस म्हणून सिनेटमध्यें विरोध झाला, पण नेमणूक मंजूर झाली. अमेरिकेच्या इतिहासांत कृष्णवर्णी मनुष्य संघराज्याच्या न्यायासनावर बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. मात्र मुदत चारच वर्षांची, आणि तें आसन मुख्य भूमीपासून शेंकडों कोस दूर, समुद्रांत. गोऱ्या पक्षकारांना काळ्या न्यायाधीशापुढें उभें राहण्याची वेळ घरच्या भूमीवर अद्याप आली नव्हती.

ती मुदत पुरी होण्यापूर्वींच १९३९ सालीं हेस्टी न्यायासन सोडून हॉवर्ड लॉ स्कूलचे डीन म्हणून परत आले. न्यायाधीशपद टाकून मास्तरकीकडे येणारी माणसें फार थोडीं. आपल्याकडे तर असा मनुष्य नातेवाइकांनीं वेड्यांत काढला असता! परंतु ह्यूस्टन १९३५ सालींच न्यूयॉर्कला कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संस्थेचे खटले चालवावयास गेले होते, आणि शाळेला त्यांच्याच तोलाचा माणूस हवा होता.

डीनच्या खुर्चींत ते नीट स्थिरावतात तोंच सरकारचें दुसरें बोलावणें आलें. १९४० च्या सप्टेंबरांत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. ऑक्टोबरांत अध्यक्षांच्या कचेरींतून जाहीर झालें कीं सैन्यांत काळ्यांच्या पलटणी पूर्वींप्रमाणेंच वेगळ्या राहतील. निवडणूक तोंडावर आली होती आणि कृष्णवर्णी मतदार बिथरले होते. तेव्हां मतदानाच्या थोडेच दिवस आधीं एका कृष्णवर्णी कर्नलास ब्रिगेडियर-जनरलची बढती मिळाली, आणि युद्धमंत्री स्टिमसन यांचे मुलकी सल्लागार म्हणून हेस्टींची नेमणूक झाली. ही नेमणूक कशासाठीं आहे हें न कळण्याइतके हेस्टी भोळे नव्हते. सैन्यांतील वर्णभेदास आपला सदैव विरोध होता व आहे, असें जाहीर करूनच त्यांनीं ती पत्करली.

दोन वर्षें त्यांनीं काय केलें? कागद लिहिले. १९४१ च्या सप्टेंबरांत त्यांनीं युद्धमंत्र्यांस विस्तृत अहवाल दिला. ज्या शिपायाला आपण लोकशाहीसाठीं मरावयास सांगतों, त्याला छावणींत शिपाई न मानतां केवळ काळा माणूस मानलें तर त्याच्या अंगीं लढण्याची ईर्षा कोठून येणार, हा त्याचा गाभा. आणि वेगळेपणा मोडण्याची सुरुवात कोठून करावी याच्या सूचना त्यांत होत्या. सरसेनापति जनरल जॉर्ज मार्शल यांचें उत्तर १ डिसेंबरला आलें. (थरगुड मार्शल यांच्याशीं या मार्शलांचा संबंध नाहीं.) समाजांत रूढीनें जे संबंध ठरून गेले आहेत ते बदलण्याचें काम सैन्याचें नव्हे, असा त्याचा आशय होता. एका आठवड्यानें, पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशीं, कृष्णवर्णी पत्रकारांच्या परिषदेंत एका कर्नलनें लष्कर म्हणजे समाजशास्त्राची प्रयोगशाळा नव्हे, असें सुनावलें. हें म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली नाहीं. गोऱ्यांची व काळ्यांची वेगळी पलटण, वेगळा भोजनगृह-तंबू, वेगळी नाटकशाळा हाच एक प्रचंड व खर्चिक प्रयोग होता. हेस्टी तो बंद करा म्हणत होते. त्याच सुमारास रेडक्रॉसच्या रक्तपेढींत काळ्यांचें रक्त निराळ्या बाटल्यांत ठेवीत, आणि असा फरक करण्यास शास्त्रांत आधार नाहीं हें डॉक्टर मंडळी जाणून होती.

आतां यांतला सर्वांत नाजूक प्रसंग. विमानदलानें काळ्या वैमानिकांसाठीं अलाबामा राज्यांतील टस्कीगी येथें स्वतंत्र शिक्षणकेंद्र काढलें. पुष्कळ कृष्णवर्णी लोकांना याचा आनंदच झाला. आजवर विमानाला हात लावूं देत नव्हते, तें मिळालें. हेस्टींचें मत विरुद्ध होतें. वेगळी शाळा एकदां बांधली म्हणजे वेगळेपणाची मुदत वाढते, असें त्यांचें म्हणणें. तरी अखेर त्यांनीं नाखुषीनें आड येण्याचें टाळलें. टस्कीगीचे वैमानिक पुढें युरोपांत नांवाजले गेले, आणि त्यांची कीर्ति आज हेस्टींच्या कीर्तीहून कितीतरी मोठी आहे. येथें हेस्टी चुकले काय? मला तसें वाटत नाहीं. वैमानिकांचा पराक्रम खरा. पण तो त्या वेगळ्या शाळेचा पुरावा ठरत नाहीं. खुद्द भूसेनेंत त्या वेळीं काळे व गोरे उमेदवार अधिकारी-शिक्षणाच्या एकाच शाळेंत शिकत होते, एकाच बराकींत निजत होते, आणि कोठें आकाश कोसळलें नव्हतें. हेस्टी विमानदलापाशीं याहून अधिक कांहीं मागत नव्हते.

उलट विमानदलानें मिसूरी राज्यांतील जेफरसन बॅरक्स येथें जमिनीवरील कामाच्या काळ्या अधिकाऱ्यांसाठीं आणखी एक स्वतंत्र शाळा काढण्याचा बेत केला, आणि सल्लागार म्हणून बसविलेल्या हेस्टींस विचारलेंहि नाहीं. ५ जानेवारी १९४३ रोजीं त्यांनीं राजीनाम्याचें पत्र लिहिलें. ३१ तारखेस ते मोकळे झाले. राजीनाम्याचीं कारणें प्रकृति किंवा घरगुती अडचण अशीं गुळमुळीत देण्याची रीत सर्व देशांत आहे. हेस्टींनीं आपलीं कारणें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केलीं, विमानदलाच्या कारभारावर ‘छाटलेले पंख’ अशा अर्थाच्या नांवाची पुस्तिका लिहिली. जेफरसन बॅरक्सचा बेत बारगळला. त्याच वर्षीं कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संस्थेनें त्यांस आपलें मानाचें स्पिंगार्न पदक दिलें. त्यांचे सहायक ट्रुमन गिब्सन मात्र त्यांच्या जागीं राहिले आणि युद्ध संपेपर्यंत आंतून शक्य तेवढें करीत राहिले. दार आंतून लोटणाऱ्यालाहि बाहेरच्या धक्क्याचा उपयोग होतो. हेस्टींच्या राजीनाम्यानंतर गिब्सनच्या शब्दाला थोडें वजन आलें असलें तर नवल नाहीं. सैन्यांतील वर्णभेद काढण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रुमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं काढला.

हेस्टी शाळेंत परतले, आणि पुढचीं तीन वर्षें हीं माझ्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत भरीव वर्षें. टेक्सासांत डेमोक्रॅटिक पक्ष आपले उमेदवार ठरविण्यासाठीं जी प्राथमिक निवडणूक घेई तींत फक्त गोऱ्यांस मत असे. त्या राज्यांत दुसरा पक्ष नांवालाच असल्यानें खरा निकाल तेथेंच लागे. नंतरच्या सार्वत्रिक निवडणुकींत काळ्यांनीं मत दिलें काय आणि न दिलें काय, सारखेंच. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिनें कोणास घ्यावें हा तिचा प्रश्न, असें सुप्रीम कोर्टानें १९३५ सालीं एकमतानें म्हटलें होतें. ह्यूस्टन शहरचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या वतीनें मार्शल व हेस्टी या गुरुशिष्यांनीं हा निर्णय उलटविण्याची मागणी केली. राज्याच्या निवडणूक-यंत्रणेचा जो भाग झाला तो खासगी राहत नाहीं, हें त्यांचें सूत्र. ३ एप्रिल १९४४ रोजीं कोर्टानें आठ विरुद्ध एक मतानें तें मान्य केलें. नऊ वर्षांत झालेला हा पालट एका न्यायमूर्तींस फार लागला. पूर्वींचा निर्णय त्यांच्याच हातचा होता, आणि विरोधाचें एकटें मतहि त्यांचेंच. दोन वर्षांनीं, आयरीन मॉर्गन या बाईंनीं व्हर्जिनियांतून बाल्टिमोरला जाणाऱ्या मोटारबसमध्यें आपली जागा सोडण्याचें नाकारलें होतें त्या खटल्यांत, याच दोघांनीं पुन्हां यश मिळविलें. त्यांनीं युक्ति अशी केली कीं समतेचा मुद्दा बाजूस ठेवून आंतरराज्य व्यापाराचा मुद्दा धरला : दर राज्याच्या सीमेवर उतारूंच्या जागा बदलावयाच्या तर बस चालणार कशी? न्यायाधीशांना तत्त्व पटण्यापूर्वीं गैरसोय लवकर पटते.

याच काळांत, १९४४ च्या सुमारास, हॉवर्डच्या वर्गांत पॉली मरे नांवाच्या एका विद्यार्थिनीनें असें म्हटलें कीं ‘समान’ या शब्दावर भांडत बसण्यापेक्षां ‘निराळे’ यावरच घाव घालावा. वर्ग हंसला. पंचवीस वर्षांत प्लेसीचा निर्णय रद्द होईल, अशी तिनें आपले अध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशीं दहा डॉलरची पैज लावली. रद्द व्हावयास दहाच वर्षें लागलीं, आणि तें करणाऱ्या वकिलांत रॉबिन्सन स्वतः होते.

१९४६ सालीं ट्रुमननीं हेस्टींस व्हर्जिन बेटांचे गव्हर्नर नेमलें. तीन वर्षें तें काम त्यांनीं केलें. मग १९४९ च्या ऑक्टोबरांत तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयावर त्यांची नेमणूक झाली. पेनसिल्वेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर हीं राज्यें व व्हर्जिन बेटें या न्यायालयाखालीं येतात; मुख्य ठाणें फिलाडेल्फिया. यावेळचें आसन मुख्य भूमीवरचें होतें आणि तहहयात होतें. तोंवर कोणा कृष्णवर्णी माणसास एवढें न्यायपद मिळालें नव्हतें. सिनेटनें नऊ महिने ही नेमणूक लोंबकळत ठेवली. कम्युनिस्टांशीं संबंधाचे वहीम उकरून काढले. अखेर १९ जुलै १९५० रोजीं संमति दिली. त्यापूर्वीं तीनच महिने ह्यूस्टन वारले होते.

आणि येथून हेस्टींचा आवाज बदलतो. न्यायाधीशास पक्ष घेतां येत नाहीं. १७ मे १९५४ रोजीं शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध ठरला त्या खटल्यांत मार्शल होते, रॉबिन्सन होते, हॉवर्डचा १९४० सालचा पदवीधर रॉबर्ट कार्टर होता. ज्यानें त्यांतील बहुतेकांना घडविलें तो मनुष्य फिलाडेल्फियांत दिवाळखोरीचीं व पेटंटचीं अपिलें ऐकत होता. हें पद म्हणजे त्यांचा गौरव झाला कीं त्यांस रणांगणांतून अलगद उचलून ठेवलें? मला दोन्ही खरें वाटतें. आणि लढणाऱ्या बाजूचें नुकसान हेस्टींस दिसत नसेल असें मानणें कठीण आहे. तरीहि पंचेचाळीसाव्या वर्षीं त्यांनीं हें आसन पत्करलें, कारण न्यायासनावर काळा माणूस दिसणें हीहि एक बाजू मांडणेंच होतें. फक्त ती वर्षानुवर्षें, एकहि शब्द जास्त न बोलतां, मांडावी लागते.

१९६२ सालीं सुप्रीम कोर्टांत जागा रिकामी झाली तेव्हां हेस्टींचें नांव अध्यक्ष केनेडी यांच्यापुढें होतें. जागा बायरन व्हाइट यांना मिळाली. अध्यक्षांचे बंधु रॉबर्ट केनेडी यांनीं पुढें सांगितलें कीं सरन्यायाधीश वॉरन यांचाच हेस्टींस विरोध होता; हेस्टी पुरेसे उदारमतवादी नाहींत, असें त्यांचें मत पडलें. १९३७ व १९५० सालीं ज्याला सिनेटमध्यें डावा म्हणून अडविलें, तोच १९६२ सालीं उजवा ठरला! मधल्या काळांत हेस्टी बदलले होते असें मात्र त्यांच्या निकालांवरून दिसत नाहीं. १९६५ सालीं पेनसिल्वेनियांतील एका जिल्ह्याच्या डेमोक्रॅटिक पक्षसमितीचा अध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीवर एका नागरिकानें हरकत घेतली, आणि आधार अर्थातच १९४४ च्या टेक्सास खटल्याचा घेतला. निकालपत्र हेस्टींनीं लिहिलें. सरकार चालविणारे प्रतिनिधि निवडतांना मतदाराचा समतेचा हक्क घटना राखते. पक्षाच्या घरगुती कारभारापर्यंत तो पोंचत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. जो बांध स्वतः फोडला होता त्याचें पाणी कोठपर्यंत जावें, याची सीमा त्यांनीं स्वतःच आंखून दिली. वॉरन यांना खटकला तो हाच स्वभाव असावा. होकटचा खटला हरलेल्या तरुणापासून हा स्वभाव तोच होता, असें मी म्हणेन.

१९६६ सालीं उपाहारगृहांतील जोडीदार वीव्हर अमेरिकेच्या मंत्रिमंडळांतील पहिले कृष्णवर्णी मंत्री झाले. १९६७ सालीं थरगुड मार्शल सुप्रीम कोर्टावर गेले. हेस्टी १९६८ ते १९७१ आपल्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यानंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून कमी प्रमाणांत काम पाहत राहिले. १४ एप्रिल १९७६ रोजीं ते वारले. त्या दिवशीं मार्शल सुप्रीम कोर्टांत, रॉबिन्सन वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयांत व कार्टर न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयांत न्यायासनावर होते. ऑलिव्हर हिल रिचमंडमध्यें अजून वकिली करीत होते.